लविनाच्या मापाची बंदूक

कारखान्यात तयार झालेली कुठलीही वस्तू एडवर्ड मच्याडोला दाखवली की तो आधी ती उलटी करतो. खुर्ची असो, स्टूल असो, कुणाच्या वाढदिवसाला मांडलेलं जेवणाचं टेबल असो. तो वाकून खालून बघतो, "स्टेपलर मारलाय" असं सुतकी आवाजात जाहीर करतो आणि मगच जेवायला बसतो. चर्चमध्ये कन्फेशनची नवी पेटी आली, तेव्हा फादर याची पापं ऐकत होते आणि हा बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून प्लायवूड ऐकत होता. बाहेर येऊन म्हणाला, "आतून पोकळ आहे." फादर की पेटी, हे आम्ही विचारलं नाही.

एडवर्ड वसईजवळच्या गासचा. सहा फूट उंच, हात फावड्याएवढे, आणि मत कायम तासलेलं. वीसेक वर्षं तो ओमानमधल्या बरक्याच्या सनाइयात आहे. सनाइया म्हणजे गॅरेजं आणि वर्कशॉपं कोंबलेली औद्योगिक वस्ती. तिथे एका ओमानी मालकाच्या, म्हणजे अर्बाबच्या, सुतारखान्यात तो बंगल्यांचे दरवाजे करतो. दरवाजे असले उंच की आत शिरणारा माणूस आपोआप नम्र होतो. स्वतः एडवर्ड मात्र सुतारखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत मान वाकवून शिरतो.

बायको फ्लॉरेन्स आणि मुलगी लविना गासला. मागच्या सुट्टीत तो गेला तेव्हा लविना अकरा वर्षांची होती. पुढची सुट्टी कोरोनाने खाल्ली. त्याच्या पुढची त्याने स्वतःच सोडली, सुट्टीऐवजी पगार घेतला आणि घरावर मजला चढवला. त्या मजल्यावर तो अजून चढलेला नाही. मुलगी सोळाची झाली, ती रोज व्हिडिओ कॉलवर दिसते. पण फोनमध्ये माणूस गळ्यापर्यंतच असतो. एडवर्डला लेकीच्या दातांची तार कधी निघाली ते माहीत आहे, नवीन चष्म्याची फ्रेम माहीत आहे. गळ्याखालची लविना त्याने पाच वर्षांत पाहिलेली नव्हती.

मग पार्सल कसं पाठवायचं? गावाला कुणी निघालं की त्याच्या बॅगेत कोंबायला फ्रॉक आणि बूट घ्यायचे, ते कोणत्या मापाचे? आखातातल्या एकट्या बापांनी यावर फार जुना उपाय काढून ठेवला आहे. ओळखीच्या कुटुंबातली, आपल्या मुलीच्या वयाची मुलगी धरायची, तिला मॉलमध्ये न्यायचं आणि तिच्या अंगाला ड्रेस लावून बघायचा. एडवर्डच्या वाट्याला आली होती विशाखा. नागपूरच्या स्वप्निल आणि रचनाची ही मुलगी. स्वप्निल इथे एका प्लांटवर इंजिनिअर. विशाखा आणि लविना एकाच वर्षी जन्मल्या, यापलीकडे दोघींचं काही नातं नाही. तरी विशाखाने वर्षानुवर्षं लविनाचे फ्रॉक घालून आरशासमोर गिरक्या मारल्या आणि बदल्यात आइस्क्रीम खाल्लं. पार्सल पोचलं की एडवर्ड फोन करायचा, "बसला?" आणि तिकडून उत्तर यायचं, "परफेक्ट, पप्पा!"

"बघ," तो आम्हाला सांगायचा, "नजर लागते सुताराची. टेप लागत नाही."

अशा माणसाच्या मुलीला रायफल शूटिंगचा नाद लागला.

छऱ्यांची एअर रायफल, दहा मीटरवरचं निशाण. वसईच्या एका क्लबमध्ये ती शिकायला जायला लागली आणि वर्षभरात अशी तयार झाली की तिच्या सरांनी राज्याच्या निवड चाचणीला तिचं नाव दिलं. फक्त म्हणाले, आता क्लबची बंदूक पुरे. ती सगळ्यांच्या हातातली. मुलीला स्वतःची हवी.

दोन वाटा होत्या. एक, कारखान्याची नवी रायफल. तिला सगळीकडे स्क्रू असतात, खांद्याचा टेकू मागेपुढे होतो, गालाची पट्टी वरखाली होते. दुसरी वाट सरांच्या कपाटात पडून होती. कुणा जुन्या नेमबाजाची उत्तम नळी आणि यंत्रणा, पण लाकडी दस्ता तडकलेला. कुणी कसबी माणसाने लविनाच्या मापाचा नवा दस्ता करून दिला, तर खास तिच्यासाठी बांधलेली बंदूक तयार झाली असती. "तुझे पप्पा सुतार ना?" असं सर सहज बोलून गेले. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

सुतारखान्यात चहाच्या वेळी यावर लोकसभा भरू लागली. विरोधी पक्षनेता मुजम्मिल. हा रत्नागिरीचा, पॉलिशचा कारागीर, एडवर्डच्या खोलीतला भिडू. एडवर्डच्या प्रत्येक दरवाजावर शेवटचा हात याचा, त्यामुळे शेवटचा शब्दही आपलाच असं त्याला वाटतं.

"कारखान्याची घे, एडू. स्क्रू असतात. चुकलं तर फिरवता येतं."

"ज्याला माप घेता येत नाही, त्याला स्क्रू लागतात."

"तुला येतं?"

"मी दरवाजे करतो रे, दरवाजे! आजवर एक दरवाजा घासला नाही."

"दरवाजा समोर उभा असतो, बाबा. पोरगी गासला."

"आणि लोक काय म्हणतील? बाप सुतार, आणि मुलीच्या खांद्याला ॲल्युमिनियम?"

"लोक कोण? लोक निशाण बघतील की दस्त्याखाली वाकून स्टेपलर शोधतील? वाकणारा जगात एकच गाढव आहे."

एडवर्डने हे कित्येक आठवडे चालवलं. सकाळी कारखान्याची, दुपारी घरची, संध्याकाळी पुन्हा कारखान्याची. तिकडे लविना रोज विचारायची, "पप्पा, ठरलं का?" आणि हा म्हणायचा, "बाय, घाईचं काम सैतानाचं." चाचणी जवळ येत होती. सैतान सोडून सगळ्यांनाच घाई झाली होती.

शेवटी निकाल लावला अर्बाबने. म्हाताऱ्या अर्बाबच्या बैठकीत भिंतीवर आजोबांची लांब नळीची बंदूक टांगलेली आहे. दस्त्यावर चांदीची फुलं. ईदेला आणि लग्नात ती उतरते, घरातले पुरुष ती मिरवत नाचतात आणि मग ती पुन्हा भिंतीवर जाते. एडवर्डने त्याला विचारलं, तर अर्बाबने दाढीवरून हात फिरवला आणि सनाइयात बोलतात त्या हिंदीत सांगून टाकलं, "अदवर, बंदूक दुकान से नहीं आता. बंदूक बाप से आता है. खलास."

वर त्याने एका शेखच्या दरवाजातून उरलेला अक्रोडाचा तुकडाही देऊन टाकला. मुजम्मिल चहाचा कप ठेवत पुटपुटला, "झालं. मोफत लाकूड आणि मोफत अक्कल, दोन्ही एकदम."

सरांनी लविनाला कळू न देता दिलेला तो तडकलेला जुना दस्ता गासहून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून बरक्यात आला. नळी बसवायच्या खाचा एडवर्डने त्यावरून उतरवल्या, त्यात केसाचा फरक नव्हता. राहिलं माप. ट्रिगरपासून खांदा किती लांब, गाल टेकतो तिथे लाकूड किती उंच, मुठीत किती जाडी. एका गुरुवारी दुपारी विशाखाला बोलावणं गेलं. रचना तिला घेऊन आली आणि प्लायवूडच्या थप्पीवर रुमाल टाकून बसली.

"एडवर्डदादा, लविनाचंच माप मागवा ना. फ्लॉरेन्सताई टेप लावून सांगतील."

"मग गंमत काय राहिली? तिला वाटतंय मी कारखान्याची घेतोय. उघडल्यावर तोंड बघायचंय मला."

"पण आमची ही बापावर गेलीय. ताडमाड."

"आमची पण बापावरच! आणि मागचा ड्रेस हिला लावूनच घेतला होता. परफेक्ट बसला."

विशाखाने कच्चा दस्ता खांद्याला लावला. मराठी बोलताना ती नेहमी पाण्यात पाय घालून बघितल्यासारखी बोलते.

"अंकल, असं? इट्स सो कूल. पण माझा हात... काय म्हणतात... पेन करतोय."

"दुखतोय म्हण. गाल टेकव. डोळा सरळ. तो खिळा दिसतो?"

"दिसते. दिसतो. अंकल, लविनाला माहीत आहे का, मी तिचं सगळं आधी घालते?"

"तिला कशाला सांगायचं?"

"आय मीन, मी असते तर मला वियर्ड वाटलं असतं."

एडवर्ड हसला आणि पेन्सिलीची खूण केली. मग खुणेच्या पुढे दोन बोटं मोजून दुसरी खूण केली. "वाढत्या अंगाचं असावं," म्हणाला. आमच्या सगळ्या आया असंच म्हणायच्या आणि आम्ही सगळे लहानपणी मोठ्या माणसाच्या कपड्यांतून बोटं शोधत फिरलो. ती अक्कल एडवर्डने बंदुकीला लावली.

दस्ता मात्र देखणा झाला होता. अक्रोडाच्या रेषा खांद्यापासून नळीपर्यंत ओढ्यासारख्या वाहत गेल्या होत्या. मूठ धरली की सोडवत नव्हती. तेल मुजम्मिलने पाजलं, रोज संध्याकाळी शिव्या देत, थरावर थर. एवढ्या शिव्या खाऊन एवढं चमकलेलं लाकूड आम्ही दुसरं पाहिलं नाही. विशाखाने तयार दस्ता खांद्याला लावला तेव्हा तो तिच्या अंगातूनच उगवल्यासारखा बसला. एडवर्डच्या डोळ्यांत पाणी आलं. मुजम्मिल म्हणाला, "भुसा गेला असेल."

मुजम्मिलच सुट्टीवर निघाला होता, त्यामुळे दस्ता त्याच्या बॅगेत गेला. त्या प्रवासाचं वर्णन त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे. "मस्कतला पोरगा स्कॅनर बघत होता, हसला, म्हणाला, 'लकडी? यल्ला, जाओ.' मुंबईला माझी बॅग उघडली. एकजण पासपोर्ट बघतो, एकजण लाकूड बघतो. परत पासपोर्ट बघतो. मी म्हटलं, साहेब, माझ्या ख्रिश्चन दोस्ताच्या मुलीचं आहे, तिला महाराष्ट्राकडून खेळायचंय. त्यांना या वाक्यातला एकही शब्द खरा वाटेना. बाकावर बसवून ठेवलं. पाणी नाही. घरची मंडळी बाहेर गाडीभाड्याचे तास मोजतायत. शेवटी मोठा साहेब आला, त्याने दस्ता हातात घेतला आणि विचारलं, 'पॉलिश कोणी केलंय हो?' तेव्हा सुटलो."

हे सांगताना तो हसतो. बाकावरचं सांगताना जरा कमी हसतो.

दस्ता गासला पोचला. सरांनी नळी बसवली. एडवर्डने फोन केला तेव्हा सगळा सुतारखाना त्याच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत होता.

"बसली?"

लविनाचा चेहरा क्षणभर बाजूला वळला. तिकडे आई उभी असावी.

"परफेक्ट, पप्पा."

"सर काय म्हणाले?"

"सर म्हणाले, काम खूप सुंदर आहे."

हे खरंच होतं. सर एवढंच म्हणाले नव्हते, हे पुढे कळलं.

चाचणी रविवारी होती. भारतात सुट्टी, इथे कामाचा दिवस. अर्बाबने रंधा मशीन बंद करायला लावलं आणि स्वतः खुर्ची टाकून बसला. एडवर्डने फोन फळीला टेकवून ठेवला. फ्लॉरेन्सने प्रेक्षकांच्या जागेवरून फोन धरला होता. दूरवर जाड जाकिटं घातलेल्या मुली पाठमोऱ्या ओळीने उभ्या होत्या, डोक्यापासून बुटांपर्यंत.

"लविना कुठाय?" एडवर्डने विचारलं.

"ती काय, समोरच."

"कुठे? ती उंच, ती?"

"अहो, ती नाही. तिच्या पलीकडची. ती बारकी."

एडवर्ड फोनजवळ गेला. मग आणखी जवळ गेला. ओळीतली सगळ्यात लहान मुलगी, शेजारणीच्या खांद्यालाही न लागणारी, आईच्या अंगलटीची, हुबेहूब फ्लॉरेन्सच्या चणीची. तिच्या हातात तो अक्रोडाचा दस्ता होता. खांद्यापासून ट्रिगरपर्यंत पोचायला ती हात एवढा ताणत होती की कोपर सरळ झालं होतं. मान पुढे काढली होती, पाण्यावर आलेल्या बगळ्यासारखी, आणि गाल लाकडाला टेकतच नव्हता.

"गाल टेकव," एडवर्ड म्हणाला. हळूच म्हणाला, मग मोठ्याने म्हणाला. "बाय, गाल टेकव!"

फ्लॉरेन्स तिकडून कुजबुजली, "ओरडू नका, इथे सगळे बघतायत."

प्रत्येक नेमानंतर लविना बंदूक खाली घ्यायची, खांदा झटकायची, पुन्हा उचलायची. एडवर्ड निशाण बघत नव्हता. ते दिसतही नव्हतं. तो लाकूड आणि गाल यांच्यामधली फट बघत होता. दरवाजा चौकटीत नीट बसला नाही की अशीच फट राहते आणि तीही त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. मुजम्मिल सुट्टीवरून परतला होता, तो मागे उभा होता.

अर्बाबने प्रेमाने विचारलं, "बेटी छोटा है?"

"हां अर्बाब," एडवर्ड म्हणाला. "छोटा है."

लविनाचा नंबर फार खाली लागला. ज्या मुलींना ती क्लबच्या बंदुकीने सहज मागे टाकायची, त्या संघात गेल्या. संध्याकाळी बाप-लेकीचं बोलणं झालं. सुतारखान्याला भिंती असल्या तरी एडवर्डच्या आवाजाला नाहीत, आणि त्याचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे आम्ही बाहेर बसून ऐकलं.

"बसली म्हणालीस ना?"

"बसवून घेतली होती, पप्पा."

"मोठी होते?"

"हो."

"मग कापायची! मागून कापली की झालं!"

"सर तेच म्हणाले होते. चार बोटं कापू म्हणाले. मम्मी म्हणाली, पप्पांच्या हातच्या लाकडाला करवत लावायची नाही."

"अगं, मी आयुष्यभर करवतच लावतो! दुसरं करतो काय मी?"

लविना म्हणाली, "सर म्हणाले, मग क्लबची घेऊन खेळ. मी घेणार होते. पण तुम्ही सगळे बघणार होता."

"ड्रेस? बूट?"

"पप्पा, जाऊ दे ना."

"ते बसायचे का?"

"आधी बसायचे. मग नाही. मावशीच्या मुलीला जायचे. ती उंच आहे."

"आणि तू परफेक्ट परफेक्ट म्हणायचीस."

"मम्मी म्हणायची, तो माणूस तिकडे पत्र्यात राहून पाठवतो, त्याला वाईट कशाला वाटू द्यायचं? आणि..." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही कधी विचारलंच नाही ना, किती उंच झालीस म्हणून."

फोन फ्लॉरेन्सने घेतला. तिची बाजू अशी, की आपल्याकडे सगळ्याच घरांत असं म्हणतात. कुणाची बायको परदेशातून आलेला गाऊन सैल आहे म्हणून सांगते? दोन टाके घालायचे आणि घालायचा. ते खरंच आहे. गासच्या, नाळ्याच्या, रत्नागिरीच्या सगळ्या कपाटांत अशी न बसणारी माया घडी घालून ठेवलेली आहे. कापडाला टाके घालता येतात म्हणून हा व्यवहार चालतो. लाकडाला टाके घालता येत नाहीत.

"कारखान्याची घ्या," एडवर्ड म्हणाला. "उद्याच घ्या. स्क्रू असतात तिला."

"आता कशाला?" लविना पलीकडून म्हणाली. "माझ्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष होतं, पप्पा. पुढच्या वर्षी मोठ्या मुलींत. आणि बारावी आहे."

ती शूटिंगला जाते अजून, मधूनमधून, क्लबच्या बंदुकीने. दस्ता तिने कापू दिला नाही. रागाने की मायेने, हे तिचं तिलाच ठाऊक. विशाखाला कुणीच काही सांगितलं नाही, पण रचना नंतर म्हणाली की पोरीने मॉलमध्ये कुणाच्याही मापाला उभं राहायचं बंद केलं. वर्कशॉपमध्ये नवा आलेला अ‍ॅलन आपल्या लेकीसाठी विचारायला गेला, तर तिने चक्क शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "तिचं माप तिला विचारा, अंकल."

एडवर्डने सुट्टी मागितली. अर्बाबने एका मोठ्या बंगल्याचं काम घेतलंय, बत्तीस दरवाजे. ते झालं की इन्शाल्ला. एडवर्ड दरवाजे करतो आहे. पूर्वी एकदा मोजायचा, आता तीनदा मोजतो आणि तरी मुजम्मिलला म्हणतो, "तू एकदा बघ." मुजम्मिलला यात टिंगल करायला खूप वाव आहे. तो गुपचूप टेप घेतो आणि बघतो.

बाकी एक फरक पडला आहे, आणि तो मोठा आहे. एडवर्डला आता घरचं चांगलं काहीच खरं वाटत नाही. पाऊस बरा झाला म्हटलं की तो गासच्या घराशेजारच्या गॅव्हिनला फोन करून विचारतो. वरच्या मजल्याला गळती नाही म्हटलं की फोटो मागतो, फोटो आला की छत दाखवा म्हणतो. लविनाला पेपर सोपा गेला म्हटलं की गप्प होतो.

परवा खोलीबाहेर चहा पीत बसलो होतो. आतून आवाज येत होता.

"गुडघा कसा आहे?"

"बरा आहे की," फ्लॉरेन्स म्हणाली.

"खरं सांग."

"अहो, बराय. कालच चर्चला चालत गेले."

"फोन तिकडे खिडकीत ठेव. मागे हो. आणखी मागे. आता चालून दाखव."

फ्लॉरेन्स म्हणाली, "वीस वर्षं मी बराय म्हणाले की तुम्हाला पुरत होतं," आणि फोन बंद झाला.